प्रश्न: इंग्लंडमधल्या घराला मागे एक्स्टेन्शन काढतोय. सपाट छत, भिंतीपासून भिंतीपर्यंत मोकळा गाळा 4 मीटर. बिल्डर म्हणतो 6×2 इंचाचे जॉइस्ट (छत पेलणाऱ्या आडव्या लाकडी तुळया) पुरे. खरंच पुरतील का?

नाही पुरणार. 47×195 मिमी, C24 (लाकडाच्या मजबुतीची प्रत; C16 ही त्याखालची), सेंटर टू सेंटर 400 मिमी. हे झालं उत्तर. पुढचं लिहितोय कारण नेमक्या याच मापावरून एका बिल्डरशी माझा वाद झाला होता, तो मी हरलो, आणि मग ते छत बघायला पुन्हा जावं लागलं.

गाळा तुमच्याइतकाच, 4 मीटर. त्याचं पहिलं म्हणणं, "लाकूड C24 आहे, मजबूत आहे." मजबूत आहेच, पण छतात प्रश्न मोडण्याचा नसतो, वाकण्याचा असतो. C16 ऐवजी C24 घेतलं तर ताठपणा 1.4 पटीच्या आसपास वाढतो. जॉइस्टची खोली, म्हणजे उभं माप, 145 वरून 195 केली तर 2.4 पट, कारण तिथे खोलीचा घन लागतो. (6×2 हे नुसतं बोलायचं माप. रंधून आलेलं लाकूड हातात 145 च भरतं.) आणि गाळ्याचा चौथा घात लागतो, म्हणजे 4 चा गाळा 5 केलात की तेच लाकूड चौरस मीटरला तेवढ्याच वजनाखाली 2.4 पट वाकतं. "एक मीटरने काय होतंय" म्हणणाऱ्यांनी हे कागदावर करून बघावं.

दुसरं म्हणणं, "मग जवळ जवळ लावतो." 145 चे जॉइस्ट 400 ऐवजी 200 वर लावले तर ताठपणा दुप्पट होतो, 2.4 पट नाही. वर लाकूड जवळजवळ दीडपट जातं, हँगर (जॉइस्टची टोकं धरणारे धातूचे खोबणे) दुप्पट आणि इलेक्ट्रिशियनला भोकंही दुप्पट. जास्त पैसे मोजून कमी ताठ छत!

बिल्डरच्या 145 च्या हट्टाचं खरं कारण वेगळंच होतं. हद्दीपासून 2 मीटरच्या आत बांधकाम असेल तर प्लॅनिंगच्या परवानगीशिवाय ईव्हजची (छताच्या कडेची) उंची 3 मीटरच्या वर नेता येत नाही. आत 2.4 मीटरचं सीलिंग, जमिनीपासून फरशी 150 मिमी वर, त्यावर प्लास्टरबोर्ड, जॉइस्ट, फरिंग (उतार देण्यासाठी जॉइस्टवर ठोकायच्या निमुळत्या लाकडी पट्ट्या), 18 मिमीचा डेक (छताचा बोर्ड) आणि हल्लीच्या नियमाला उतरायला साधारण 150 मिमी पीआयआर (उष्णता अडवणारा कडक फोम). हे सगळं बसवताना 50 मिमी कुठून काढायचे, तर जॉइस्टमधून. सीलिंग 2.35 केलं असतं तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. ते मी तेव्हाच सांगितलं होतं.

त्यात घरमालकांना नंतर वर सेडम (छतावर वाढवायची बुटकी, जाड पानांची झाडं) हवं झालं. ओलं सेडम चौरस मीटरला 100 किलोच्या घरात जातं. छताचं स्वतःचं साधारण 50. एकूण 150 किलोला 47×145 C24, 400 सेंटरवर, 4 मीटरमध्ये लगेच 15 मिमी वाकतं. लाकूड वर्षानुवर्षं भार सोसत आणखी बसतं, ते धरून 27–28 मिमी. एवढा झोल ऐकायला फार वाटत नाही. पण 28 मिमी झोल म्हणजे टोकाशी जॉइस्टचा कल 45 ला 1. छताचा उतार होता 80 ला 1. म्हणजे गटाराकडच्या टोकाला उतार उलटा झाला आणि पाणी गटारात जायचं सोडून मध्ये साचायला लागलं. 10 मिमी पाणी म्हणजे चौरस मीटरला आणखी 10 किलो, म्हणजे आणखी झोल. नाव मात्र मेम्ब्रेन (छतावरचा पाणी अडवणारा थर) लावणाऱ्याचं खराब झालं. 195 असता तर हाच झोल 11–12 मिमी राहिला असता, आणि उतार 40 ला 1 ठेवला असता तर पाणी बिनबोभाट गेलं असतं.

म्हणून उतार आराखड्यात 40 ला 1 धरा, 4 मीटरला 100 मिमीचं फरिंग. बांधताना थोडं इकडेतिकडे झालं तरी तयार छताला 80 ला 1 उरतो. सेडम किंवा सोलर "कदाचित नंतर" असेल तर आत्ताच 220 घ्या आणि इंजिनिअरला ते वजन सांगून ठेवा.

450 सेंटर कुणी सुचवलं तर नको म्हणा. 2400 चा प्लास्टरबोर्ड 400 ने आणि 600 ने नीट भागला जातो, 450 ने नाही. 4 मीटरला मधोमध नॉगिनची (दोन जॉइस्टमध्ये ठोकायच्या आडव्या लाकडी तुकड्यांची) एक ओळ हवीच. वायरींची भोकं जॉइस्टच्या मधल्या रेषेवर, टोकापासून गाळ्याच्या 0.25 ते 0.4 एवढ्या अंतरात, आणि खोलीच्या चौथ्या हिश्शापेक्षा मोठी नाहीत. 195 ला 48 मिमी. कापलेल्या टोकांना प्रिझर्व्हेटिव्ह (कुज रोखणारं औषध) पुन्हा लावायला बिल्डर विसरतात, उभं राहून लावून घ्या.

मागे बायफोल्ड (घडीचं) दार असेल तर जॉइस्टचं अर्धं वजन त्याच्यावरच्या स्टीलच्या तुळईवर येतं. स्टील थोडं जरी वाकलं तरी दार अडकतं, आणि त्याची तक्रार दारवाल्याकडे जाते.

आता राहिलेलं. वरचे आकडे सगळीकडे सारखं पसरलेल्या वजनाचे आणि फक्त वाकण्याचे आहेत. रूफलाइट (छतातली खिडकी) असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंचे जॉइस्ट आणि ट्रिमर (त्यांना जोडणारे आडवे तुकडे) दुहेरी लागतात, आणि जाड काचेला तेवढ्यानेही भागत नाही. त्या जॉइस्टचं माप टेबलातून काढू नका. छतावर बसायला जाणार असाल तर हिशोब पूर्ण वेगळा आणि परवानगीही वेगळी. स्कॉटलंडमध्ये असाल तर बर्फ जास्त धरा, शिवाय तिथले नियमही निराळे. स्पॅन टेबलं (किती गाळ्याला कोणतं लाकूड, याचे तक्ते) 2004 नंतर अप्रूव्हड डॉक्युमेंट ए या बांधकामाच्या सरकारी मार्गदर्शिकेत नाहीत, ट्राडा या लाकूड-संशोधन संस्थेची घ्यावी लागतात. बिल्डरने जुनी झेरॉक्स काढली तर वरचं साल बघा. आणि वॉल प्लेटला (भिंतीवरची, जॉइस्ट टेकतात ती लाकडी पट्टी) दर 2 मीटरच्या आत एक अशा धातूच्या पट्ट्या मारून छत खाली भिंतीला बांधून घ्या. सेडम नसलेलं सपाट छत हलकं असतं, वारा ते उचलू शकतो.