समुद्र राहू द्या, आधी कराड गाठा

पत्राखाली नाव नाही, नुसतं 'एक वाईकर'. वय ६३, रिटायर. लिहितात की आयुष्य म्हणजे आपली कृष्णामाई, महाबळेश्वरच्या गोमुखातलं बालपण, मग डोंगरातून उड्या मारत आलेली तरुणाई, पुढे धोमच्या धरणात अडकावं तशी ३५ वर्षं नोकरी, आणि आता पाणी संथ झालंय, समुद्र दिसायला लागलाय, मुलगा पुण्यात, माझी कुणाला गरज नाही, मन कशात रमवू?

अहो वाईकर, लिहिता छान. पण तीन पानं नदी आणि बायको दीड ओळ? 'सौ. दिवाळीपासून कराडला भावाकडे आहे, शिलाई मशीनही तिकडेच नेलंय, माहेरची ओढ असतेच.' झालं, लगेच परत समुद्र.

माहेरी चार दिवस जाणारी बाई दोन साड्या आणि गोळ्यांची डबी नेते हो, मशीन नाही नेत. ते उचलायला दोन माणसं लागतात, टेम्पो सांगावा लागतो, खालचं पायडल दाराच्या चौकटीला अडकतं, आणि हे सगळं चाललेलं तेव्हा तुम्ही कुठे होतात? घाटावर संथ पाणी बघत?

आणि कसला समुद्र? कृष्णा १४०० किलोमीटर वाहते, पार आंध्रात हंसलदीवीला जाऊन समुद्राला मिळते. वाईला तर ती आत्ताशी डोंगर उतरलीय. मधे कराड लागतं ना! कोयनाही महाबळेश्वरचीच, पण डोंगराच्या पलीकडून गेलेली, हेळवाकला वळते आणि कराडात कृष्णेच्या थेट समोरून येते. एरवी नद्या कडेकडेने येऊन मिसळतात, इथे समोरासमोर, म्हणून तर प्रीतिसंगम म्हणतात. तुम्ही आख्खी नदी लिहिलीत आणि नेमकं कराड गाळलंत, मला तेच खुपलं.

वहिनी का गेल्या ते तुम्हाला पक्कं माहितीये, नाहीतर दीड ओळीत उरकलं नसतंत. तुमची बाजू मला ऐकायचीच नाहीये. या शनिवारी साताऱ्याला गाडी बदलून कराडला जायचं. आदल्या दिवशी फोन करा, पण 'कधी येतेस' नाही विचारायचं, 'मी येऊ का' विचारायचं. तिथे मेव्हण्याबरोबर राजकारण कुटत बसू नका, मशीनपाशी स्टूल ओढून बसा, त्या बोलेपर्यंत गप्प बसा, आणि सुईत दोरा ओवायला सांगितला तर ओवून द्या. चष्मा आठवणीने न्या.

नदीवरची वही मात्र घरीच ठेवा.