मेकॅनिक दर मार्चमध्ये एसीत गॅस भरायला लावतो. हे गरजेचं आहे का? एसी, कूलर, गीझर वर्षभर कसे सांभाळावेत?

तुम्ही लिहिलंय की पुण्याच्या फ्लॅटमध्ये दीड टनाचा स्प्लिट एसी आहे, आणि नागपूरला आईवडिलांकडे कूलर नि गीझर. आधी गॅसचं बोलू, तुमचे पैसे तिथेच जातायत.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांत तोच तो फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतोय, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुढच्या मार्चपर्यंत हवेत गेलेला असणार.

घरी बघायचं असेल तर आधी इनडोअरची जाळी (फिल्टर) धुऊन लावा. एसी २० मिनिटं चालू द्या आणि आउटडोअरला (बाहेरच्या युनिटला) जोडलेल्या दोन नळ्या बघा, एक बारीक, एक जाड. दोन्ही गार आणि ओलसर असतील तर बहुतेक गॅस ठीक आहे. बारीक नळीवर पांढरा बर्फ आणि जाड नळी कोरडी असेल, तर गॅस कमी असण्याची शक्यता मोठी. आतली अख्खी कॉइल गोठली असेल, तर बहुधा हवा अडलीय: मळलेली कॉइल किंवा धुळीने भरलेला ब्लोअर. तिथे गॅस भरून काहीच होत नाही, सर्व्हिसिंगच लागतं.

गळती बहुतेक वेळा नटाच्या जोडावर सापडते. तिथे तेलकट डाग असतो, त्यावर धूळ चिकटलेली. साबणाचा फेस लावला की बुडबुडे येतात. दुरुस्तीचा क्रम ठरलेला आहे: जोड नव्याने करायचा, नायट्रोजन भरून दाब टिकतो का बघायचं, व्हॅक्यूम पंप निदान २०-३० मिनिटं लावायचा आणि मग युनिटच्या पाटीवर जितके ग्रॅम लिहिलेत तितकाच गॅस काट्यावर मोजून भरायचा. नव्या एसीत बहुधा आर-३२ असतो, तो काही प्रमाणात ज्वलनशील आहे. आत गॅस असताना नळी जोडायचा ज्योतीचा टॉर्च लावू देऊ नका. नुसता सिलिंडर खांद्यावर टाकून आलेल्या माणसाला चहा पाजून परत पाठवा. (घरामागे नाला असेल तर तिथल्या वायूंनी तांबं काळं पडून कॉइललाच बारीक भोकं पडतात. मग कॉइल बदलणं आलं.)

बाकी एसीचं काम थोडं आहे. वापर चालू असताना जाळी दर १५ दिवसांनी साध्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा. सर्व्हिसिंग फेब्रुवारीत उरका. होळीनंतर मेकॅनिक फोन उचलत नाहीत. कॉइलवर ॲसिड मारू देऊ नका, ॲल्युमिनियमच्या पत्र्या खाल्ल्या जातात. इनडोअरमधून पाणी टपकत असेल तर बहुधा ड्रेनच्या नळीत शेवाळासारखा चिकटा साचलाय, किंवा नळीचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडालंय. पावसाळ्यात एसी बंद ठेवण्याआधी दोन-तीन तास नुसत्या फॅनवर चालवून कॉइल कोरडी करा, रिमोटचे सेल काढा, एसीचा एमसीबी (बोर्डावरचा सुरक्षा स्विच) पाडा. आउटडोअरला प्लास्टिक गुंडाळू नका. आत ओल कोंडते आणि पत्रा गंजतो.

कूलरच्या गवताच्या ताट्या दर हंगामाला नव्या घाला. हनीकोंब पॅड दोन-तीन वर्षं जातात, पण क्षाराने पांढरे पडून कडक झाले की हवा अडते. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करा आणि आतल्या भिंती घासा. नुसतं पाणी ओतून टाकून भागत नाही, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात. लोखंडी कूलरला अर्थिंग हवंच, शिवाय ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). पाणी भरताना प्लग काढलेला असू द्या. समोरची एखादी खिडकी उघडी ठेवा, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा वाढतो.

गीझर दिवाळीआधी बघा. २५ लिटरचा, २००० वॉटचा गीझर २० अंशांचं पाणी ६० अंशांवर साधारण ३५ मिनिटांत नेतो. याहून बराच वेळ लागत असेल तर एलिमेंटवर (पाणी तापवणाऱ्या कांडीवर) क्षाराचा थर असू शकतो. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर वर्षाला एकदा टाकी उघडून थर काढा आणि मॅग्नेशियमचा ॲनोड रॉड तपासा. टाकीऐवजी तो झिजतो. बारीक झाला की बदला, नाहीतर गंज टाकीला लागतो. पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडणं चालतं. ते बंद करायला तिथे बूच मारलंत, तर वाढलेला दाब टाकीवर येतो, आणि टाकी फुटू शकते.

आणि नागपूरचा गीझर गॅसवरचा असेल तर तो बाथरूमच्या आत नको. बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर लावून गरम पाण्याची नळी आत घ्या. बंद बाथरूममध्ये कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, आणि अंघोळ करणारा माणूस कडी उघडण्याआधीच बेशुद्ध पडू शकतो.