'पीअर रिव्ह्यू'ला मराठीत काय म्हणावे?

गुहागरहून एका वाचकाने विचारले आहे. किनाऱ्यावरच्या गावांसाठी ते हवामानबदलावर पत्रक काढत आहेत. त्यात आयपीसीसीबद्दल, म्हणजे हवामानबदलाचा आढावा घेणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या आंतरसरकारी मंडळाबद्दल, एक वाक्य आहे: 'आयपीसीसीच्या २३४ शास्त्रज्ञांनी समवयस्क पुनरावलोकन करून २०२१ साली हे संशोधन प्रसिद्ध केले.' इथे 'समवयस्क पुनरावलोकन' ठेवावे की 'समीक्षा'?

दोन्ही नकोत. समवयस्क म्हणजे एका वयाचे. इथे वयाचा काही संबंध नाही, त्या विषयातला जाणकार एवढेच म्हणायचे आहे. 'समीक्षा' म्हटले की कविता-कादंबरी डोळ्यांसमोर येते. नियतकालिकातल्या शोधनिबंधापुरता 'तज्ज्ञपरीक्षण' हा शब्द चोख आहे: संपादक निबंध दोन-तीन जाणकारांकडे पाठवतो, त्यांची नावे बहुधा लेखकाला कळत नाहीत, आणि त्यांची मते पाहून निबंध घ्यायचा की परत करायचा हे संपादक ठरवतो.

पण वाक्याची खरी अडचण वेगळीच आहे. १९८८ साली स्थापन झालेली आयपीसीसी स्वतः संशोधन करत नाही. जगभर प्रसिद्ध झालेल्या, बहुतांशी तज्ज्ञपरीक्षण होऊन आलेल्या निबंधांचे ती मूल्यमापन करते. तुम्ही म्हणता तो २०२१ चा अहवाल तिच्या पहिल्या कार्यगटाचा, म्हणजे हवामानबदलामागचे विज्ञान पाहणाऱ्या गटाचा आहे. त्यात असे १४ हजारांहून अधिक संदर्भ आहेत. म्हणून 'संशोधन' काढा, 'मूल्यमापन अहवाल' घाला. शिवाय २३४ हा आकडा लेखकांचा आहे, परीक्षकांचा नव्हे.

परीक्षण होते ते या लेखकांच्या मसुद्याचे. पहिला मसुदा तज्ज्ञांकडे जातो, दुसरा तज्ज्ञ आणि सरकारे दोघांकडे, शेवटी धोरणकर्त्यांसाठीच्या सारांशाचा मसुदा पुन्हा सरकारांकडे. कोकणात हा प्रकार नवा नाही. किनारा व्यवस्थापन आराखड्याचा मसुदा निघाला की 'हरकती व सूचना' मागवतात, त्याच जातीचे हे काम. फरक दोन. परीक्षक म्हणून नाव नोंदवताना त्या विषयातली आपली जाणकारी आपणच लिहून द्यायची असते. आणि आलेल्या प्रत्येक शेऱ्याला लेखकांनी लेखी उत्तर द्यायचे असते. शेरे-उत्तरांचे हे तक्ते पुढे जाहीरही होतात. या अहवालावर ७८,००७ शेरे आले होते. 'छाननी' हा शब्द मी इथे टाळेन, कारण निवडणुकीच्या छाननीत अर्ज बाद होतो. इथे परीक्षकाला मसुदा बाद करण्याचा अधिकार नसतो.

शेरा लिहायचाही एक रिवाज आहे. प्रकरण, पान, कोणत्या ओळीपासून कोणत्या ओळीपर्यंत, मग म्हणणे. 'कोकणाकडे दुर्लक्ष झाले आहे' एवढेच लिहिले तर 'नोंद घेतली' यापलीकडे लेखकांना काही करता येत नाही. त्याऐवजी नेमकी ओळ धरून लिहावे: 'अरबी समुद्रातल्या वादळांबद्दलच्या या विधानात पावसाळ्याआधीची आणि नंतरची वादळे एकत्र मोजली आहेत, वेगळी मोजलेला हा निबंध पाहावा.' सोबत निबंधाचा पूर्ण संदर्भ द्यावा. मग लेखकांना त्याला बगल देता येत नाही. २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धनकडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, पण त्याची वर्तमानपत्री बातमी पुरावा म्हणून सहसा धरत नाहीत. सरकारी अहवाल चालू शकतो. मात्र त्याची प्रत मिळायला हवी आणि त्याचा दर्जा लेखकांनी पारखलेला हवा.

शेऱ्याकडे काणाडोळा झाला की काय होते ते २००७ च्या अहवालात दिसले. हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची मोठी शक्यता आहे, असे त्यात छापले गेले. त्या मजकुरावर परीक्षकांनी शंका घेतल्या होत्या, पण त्यांची नीट दखल घेतली गेली नाही, आणि जानेवारी २०१० मध्ये आयपीसीसीला चूक मान्य करावी लागली. प्रत्येक शेऱ्याचा योग्य विचार झाला की नाही हे पाहायला प्रत्येक प्रकरणाला 'परीक्षण-संपादक' असतात. पत्रकात जागा असेल तर त्यांचा उल्लेख जरूर करा.

वाक्य असे लिहा: 'आयपीसीसीच्या २३४ लेखकांनी प्रसिद्ध संशोधनाचे मूल्यमापन करून २०२१ साली हा अहवाल सादर केला, त्याच्या मसुद्यांवर तज्ज्ञांकडून आणि सरकारांकडून ७८ हजार हरकती-सूचना आल्या होत्या.'

त्यापुढे 'सरकारांनी अहवाल ओळीओळीने मंजूर केला' असे मात्र जोडू नका. ओळीओळीने मंजूर होतो तो धोरणकर्त्यांसाठीचा सारांश. मूळ अहवाल सरकारे 'स्वीकारतात'. त्यावर ओळवार चर्चा होत नाही.