वीस मिनिटं आणि तीन महिने

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. परवा फोनवर तू आवाज एवढा खाली नेलास की मला आधी वाटलं, घरात कुणी आजारी आहे. मग कळलं, ऑफिसच्या जिन्यात उभा राहून तू विचारत होतास, "काका, ती पुरुषांची नसबंदी... करून घेऊ का?" मी म्हटलं, लिहून कळवतो. फोनवर तू नुसतं हो हो केलं असतंस. अर्धं ऐकून माणूस टेबलावर चढतो आणि उरलेलं अर्धं घरातल्या बाईला भोगावं लागतं, हे मी आरोग्य केंद्रातल्या नोकरीत पाहिलेलं आहे. त्यातलं एक खाली सांगतो.

आधी बैलाचं बोलू. तू विचारलं नाहीस, पण ते तुझ्या मनात असणार, कारण माझ्याही होतं. खोंड बडवताना तू लहानपणी गोठ्यात पाहिलंयस. चिमट्याने वृषणाकडे जाणाऱ्या शिरा चेचतात, रक्त पोचायचं थांबतं, वृषण वाळून जातात आणि उधळणारं खोंड खाली मान घालून औताला लागतं. नसबंदी म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला हेच दिसतं. मला तर एकाने तोंडावर विचारलं होतं, "म्हणजे तुम्ही आम्हाला खच्ची करणार?" मी तेव्हा नवा होतो, हसून वेळ मारून नेली. हसायला नको होतं. प्रश्न बरोबर होता, त्याला उत्तर द्यायला हवं होतं.

उत्तर असं. नसबंदीत वृषणाला हात लागत नाही. वृषण दोन कामं करतात. एक, शुक्रजंतू तयार करतात. ते एका बारीक नळीने, शुक्रवाहिनीने, वर जातात. दुसरं, टेस्टोस्टेरॉन नावाचं संप्रेरक तयार करतात. ते थेट रक्तात उतरतं, त्याला ही नळी लागतच नाही. आपण फक्त दोन्ही बाजूंच्या नळ्या कापून बांधतो. त्यामुळे दाढी, आवाज, ताकद, इच्छा, ताठरता सगळं जागच्या जागी राहतं. वीर्यही येतं, कारण त्यातला बहुतेक द्रव वीर्यकोश आणि प्रोस्टेट ग्रंथीतून येतो. शुक्रजंतूंचा वाटा शंभरात पाचाच्याही आत. तुलाच काय, सूनबाईलाही फरक कळणार नाही. तयार होणारे शुक्रजंतू शरीर आतल्या आत जिरवून टाकतं.

आता प्रत्यक्ष ऑपरेशन. माझं झालं तेव्हा चाकूची पद्धत होती, दोन बाजूंना दोन चिरा आणि टाके. आता बहुतेक ठिकाणी बिनटाक्याची करतात. चीनच्या सिचुआन प्रांतात डॉ. ली शुनचियांग यांनी १९७४ साली ही पद्धत काढली. तिला दोनच खास हत्यारं लागतात. एक चिमटा, ज्याच्या टोकाला बारीक गोल कडी असते. तिने कातडीवरूनच नळी पकडतात. दुसरा टोकदार चिमटा. त्याने कातडीला भोक पाडून ते हळूच रुंद करतात, नळी वर उचलतात, तुकडा काढून टोकं बांधतात. भूल फक्त तेवढ्या जागेची. इंजेक्शन मुंगळा डसल्यासारखं लागतं. नंतर दुखत नाही, पण नळी वर ओढताना ओटीपोटात कुणी आतून दोरी खेचल्यासारखं होतं आणि एक क्षण पोटात गोळा येतो. हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून लोक घाबरतात. भोक इतकं लहान असतं की टाका लागत नाही. पंधरा-वीस मिनिटांत आटपतं, थोडा वेळ पडून राहायचं आणि घरी.

एक गंमत सांगतो. पुरुष नसबंदीचा सरकारी पंधरवडा दरवर्षी २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर असतो. ऐन थंडीत! थंडीत वृषणाची पिशवी आकसून वर जाते आणि नळी बोटाला सापडत नाही. खोली उबदार नसेल तर डॉक्टरही वैतागतो आणि टेबलावरचा माणूसही. तेव्हा पंधरवड्याची वाट पाहायची गरज नाही. जिथे ही पद्धत शिकलेला डॉक्टर आहे, तिथे वर्षभर होते. सरकारी दवाखान्यात फुकट होते, वर बुडालेल्या मजुरीपोटी हजार-दीड हजार हातात मिळतात. नियमाने लग्न झालेलं असावं, वय साठीच्या आत हवं आणि निदान एक मूल वर्षापेक्षा मोठं हवं. बायकोची सही कायद्याने लागत नाही. तिला न सांगता जाऊ नकोस, एवढं मात्र माझं ऐक.

जायच्या आधी डॉक्टरला काय सांगायचं ते लिहून ने. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, साखर, कुठल्या औषधाची ॲलर्जी, आधी हर्नियाचं किंवा हायड्रोसीलचं ऑपरेशन, त्या जागी खाज किंवा गळू. डॉक्टरला विचार, महिन्यात किती करता. ज्याचा हात रोज चालतो त्याच्याकडे सूज कमी येते. जाताना लंगोट घेऊन जा. हो, लंगोटच. तुम्ही पोरं जिमचा सपोर्टर घालता, तोही चालेल. दोन दिवस आराम, कापडात गुंडाळून बर्फ, जागा कोरडी, आठवडाभर वजन उचलायचं नाही. आणि येताना मोटारसायकल स्वतः चालवायची नाही. आपल्या रस्त्यावरचे खड्डे ती जागा मोजून देतात. थोडं निळंकाळं पडणं, थोडी सूज हे चालायचंच. पण सूज लिंबाएवढी होऊन वाढत चालली, ताप आला, पू आला तर रात्र न बघता दवाखाना गाठ. शंभरात एखाद-दुसऱ्याला तिथलं दुखणं महिनोन्‌महिने रेंगाळतं, हेही जाणून जा.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

ऑपरेशन झालं त्या दिवशी तू निर्बीज होत नाहीस. नळी बांधली तरी बांधाच्या पुढे, वरच्या भागात, आधीचे शुक्रजंतू शिल्लक असतात. पाटाचं पाणी वरून बंद केलं तरी सरीतलं पाणी उरतंच, तसं. ते निघून जायला तीन महिने धर. तोवर निरोध किंवा दुसरं साधन वापरायचंच. तीन महिन्यांनी वीर्य तपासायचं, आणि त्यात शुक्रजंतू नाहीत असा रिपोर्ट हातात आला की मग साधन सोडायचं. नुसते तीन महिने मोजून नाही.

आमच्या आरोग्य केंद्रात डोंगराकडच्या वाडीतला एक शेतकरी आला होता. दोन मुलं, बायको अशक्त, म्हणून स्वतःहून आलेला. आमच्यासाठी ती मार्च महिन्यातली 'केस' होती. उद्दिष्ट भरायचं होतं, व्हरांड्यात गर्दी होती. मी निरोधची पाकिटं वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच्या पिशवीत कोंबली आणि म्हणालो, "हे ठेवा." एवढंच. चारचौघांत त्याला आणि मलाही संकोच. महिनाभरात बायकोची पाळी चुकली. त्याने तिला काही विचारलंही नाही, सरळ माहेरी नेऊन सोडली. वाडीत जे बोललं जायचं ते बोललं गेलं. मला कळलं तेव्हा मी गेलो, त्याला एसटीत बसवून तालुक्याला आणला, वीर्य तपासायला लावलं. तिथल्या तंत्रज्ञाने शहाणपणा केला. त्याला म्हणाला, या, तुम्हीच बघा. तो खुर्चीच्या कडेवर बसला, एक डोळा मिटून सूक्ष्मदर्शकात बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "एक-दोन अजून हलतायत की." आणि तिथंच डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी तो तिला घेऊन आला. ती माझ्याशी पुढे दोन वर्षं बोलली नाही. त्याच्याशी किती दिवसांनी बोलली, मला माहीत नाही.

म्हणून तपासणी टाळू नकोस. बरेच पुरुष टाळतात, कारण बाटलीत वीर्य काढून द्यायची लाज वाटते. घरी काढता येतं, स्वच्छ कोरडी बाटली प्रयोगशाळेतूनच आण आणि तासाभरात पोचव. रिपोर्ट चांगला आल्यावरही दोन हजारांत एखाद्याची नळी पुन्हा जुळते. तेव्हा पुढे कधी पाळी चुकली तर आधी स्वतःचं वीर्य तपास, मग तोंड उघड. सरकारी ठिकाणी केली असेल आणि फसली, तर भरपाई मिळते. त्यासाठी कागद जपून ठेव आणि कळल्यापासून नव्वद दिवसांत अर्ज कर.

तू फोनवर दोनदा विचारलंस, "परत जोडता येते ना?" येते. मोठ्या शहरात सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात, खर्च भरपूर, आणि जितकी वर्षं जातील तितकी मूल होण्याची शक्यता कमी. पण तुझ्या त्या दोनदा विचारण्यानं मी थबकलो. मनाच्या कोपऱ्यात 'परत' असेल तर आत्ता नको. धाकटी चार महिन्यांची आहे. रात्रीचं जागरण, रडणं, दूध. या दिवसांत माणूस काहीही कायमचं ठरवतो. तिचा नवव्या महिन्यातला गोवर-रुबेलाचा डोस होऊ दे, घर जरा थाऱ्यावर येऊ दे. तोवर सूनबाईला तांबी सोयीची वाटली तर बघा, नाहीतर निरोध आहेच. नसबंदी लैंगिक आजार अडवत नाही, हेही या ओघात सांगून ठेवतो.

वहिनींचं म्हणणं मी ऐकलंय. "कर्त्या माणसाला कशाला, तिचंच करून टाका." सगळ्या घरांत हेच चालतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशात शंभरातल्या जवळजवळ अडतीस विवाहित बायकांचं ऑपरेशन झालेलं होतं, आणि पुरुषांचं हजारात तिघांचं. पूर्वी असं नव्हतं. १९७१ साली केरळात एर्नाकुलमच्या एका शिबिरात महिनाभरात त्रेसष्ट हजारांवर पुरुषांनी करून घेतली. बक्षिसं होती हे खरं. मग आणीबाणी आली. गावोगाव धरपकड झाली, आणि आपल्याच विधिमंडळाने १९७६ मध्ये तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते बारगळलं. पण तेव्हापासून या शब्दाचा जो धसका बसला तो बसलाच, आणि सगळा भार बायकांकडे सरकला. त्यांचं पोट उघडावं लागतं किंवा दुर्बीण आत घालावी लागते. २०१४ साली छत्तीसगडमध्ये बिलासपूर जिल्ह्यातल्या शिबिरांनंतर तेरा बायका दगावल्या. पुरुषाच्या ऑपरेशनमध्ये पोटाला हातच लागत नाही. दोन सिझेरियन झालेल्या पोरीला तिसऱ्यांदा टेबलावर चढवायचं का, हे वहिनींना मी विचारीन.

शनिवारी साताऱ्याला येतोय. वहिनींशी मी बोलतो, तू मध्ये पडू नकोस. चहा झाला की धाकटीला घेऊन अंगणात जा.

तुझा,
काका