किमोनंतरचा ताप आणि घरी सलाईन

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सासरे ६६ वर्षांचे, मोठ्या आतड्याचा कॅन्सर. मागच्या किमोनंतर ताप आला, पांढऱ्या पेशी घसरल्या, पाच दिवस भरती राहावं लागलं. परदेशात अशा पेशंटला घरीच हॉस्पिटलसारखे उपचार देतात असं तुम्ही वाचलं, आणि गावातला कंपाउंडर घरी येऊन सलाईन लावायला तयार आहे. चालेल का?

कंपाउंडरला आजच नाही म्हणून सांगा. बाकीचं सविस्तर लिहिते.

आम्ही घाटंजी तालुक्यातले. आमच्या ह्यांना लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर होता, सहा किमो झाल्या, दोनदा असा ताप आला. पहिल्यांदा दहाव्या दिवशी. सोयाबीन काढणी चालू होती, घरात कोणाला फुरसत नाही. जवळचे डॉक्टर घरी आले. "काई नाई होत जी, एक इंजेक्शन देतो, उतरते ताप." कमरेत सुई टोचली, तासाभरात ताप उतरला, यांनी वाटीभर खिचडीही खाल्ली. रात्री अडीचला अशी हुडहुडी भरली की खाट वाजत होती. यवतमाळला पोचलो तेव्हा वरचं बीपी ८०, आणि न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, फक्त ९०. हे ५०० च्या खाली गेले की शरीराकडे लढायला शिपाईच उरत नाहीत. जंतू बाहेरूनच येतात असंही नाही, बरेचदा आपल्याच आतड्यातले रक्तात उतरतात. तापाच्या औषधानं आकडा उतरतो, जंतू तिथेच असतात. कमरेत सुई टोचली तिथे लिंबाएवढी काळी गाठ महिनाभर राहिली, कारण प्लेटलेटही कमी होत्या. म्हणून या दिवसांत कमरेत इंजेक्शन नाही, एनिमा नाही, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय पॅरासिटामॉलही नाही.

आता परदेशाचं. मेलबर्नच्या पीटर मॅकॅलम कॅन्सर सेंटरसारख्या ठिकाणी कमी धोक्याच्या पेशंटला लवकर घरी पाठवतात हे खरं आहे. पण ती खाट घरात असली तरी हॉस्पिटलचीच असते. नर्स येते, रक्त तपासलं जातं, रात्री फोन उचलणारा डॉक्टर असतो आणि बिघडलं तर लगेच परत घेतात. सुरुवातही घरी होत नाही. अमेरिकेतल्या कॅन्सर आणि संसर्गतज्ज्ञांच्या संघटनांच्या २०१८ च्या सूचनांप्रमाणे हॉस्पिटलात पोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिकचा पहिला डोस, मग निदान चार तास नजरेखाली, आणि त्यानंतर घरी पाठवायचं की नाही ते ठरवायचं. घर हॉस्पिटलपासून तासाभराच्या आत हवं, चोवीस तास सोबत माणूस हवा, फोन आणि गाडी हवी.

धोका मोजायला डॉक्टर मॅस्क नावाचा स्कोर काढतात. २६ पैकी २१ किंवा जास्त आले तर धोका कमी. वय ६० च्या वर म्हणून तुमच्या सासऱ्यांचे २ गुण आधीच गेले, तरी बाकी सगळं ठीक असेल तर ते कमी धोक्यात बसू शकतात. मात्र तोंड आलं असेल, गोळी गिळवत नसेल, जुलाब असतील, तर स्कोर कितीही येवो, घरचं नाव काढू नका. शिवाय घरी पाठवताना ज्या गोळ्या देतात, बहुधा सिप्रोफ्लॉक्सासिन आणि अमॉक्सी-क्लॅव, त्यातल्या पहिलीला आपल्याकडचे बरेच जंतू दाद देत नाहीत. म्हणून आपले डॉक्टर भरतीच करून घेतात. मला त्यात चूक वाटत नाही.

दुसऱ्यांदा आम्ही शहाणे झालो होतो. यवतमाळला माझी नणंद राहते, हॉस्पिटलपासून रिक्षानं दहा मिनिटं. पहिले दोन दिवस भरती, मग डॉक्टरांच्या परवानगीनं चार दिवस तिच्याकडे. रोज सकाळी जाऊन शिरेतून इंजेक्शन, दिवसाआड रक्त तपासणी. यांना झोप लागली, वॉर्डातली खोकलाखोकली टळली. मला वाटतं आपल्यासाठी "घरी उपचार" म्हणजे हेच. घर म्हणजे गावच असं कशाला? हॉस्पिटलजवळचं कुणाचं तरी घर आत्तापासून बघून ठेवा.

थर्मामीटरची एक गंमत सांगते. मे महिन्यात टिनाच्या खोलीत पाऱ्याचा थर्मामीटर नुसता ठेवला तरी १०७ दाखवतो, झटकून उतरतच नाही. आम्ही तो माठाच्या ओल्या फडक्यापाशी ठेवायचो. काखेत नको, तोंडात लावा, आणि गार पाणी पिऊन लगेच नको. पुस्तकात १०१ एकदा किंवा १००.४ तासभर असं लिहितात. खेड्यात तो तास वाट बघण्यात घालवू नका. १००.४ दिसला की निघा, १०८ ला फोन लावा. ताप नसून नुसती हुडहुडी किंवा गुंगी आली तरी तेच.

कॅन्सरच्या डॉक्टरांकडून आधीच एक चिठ्ठी लिहून घ्या: कोणती किमो, कोणत्या तारखेला, ताप आल्यास रक्ताचं कल्चर (जंतू शोधायची तपासणी) घेऊन लगेच कोणतं अँटिबायोटिक. ती फाइलच्या पहिल्या पानावर लावा. रात्री ड्यूटीवरच्या नव्या डॉक्टरला जाडजूड फाइल वाचायला वेळ नसतो.

या वेळची किमो कोणत्या तारखेला झाली ते तुम्ही लिहिलं नाही. किमोनंतरच्या साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात, म्हणजे पेशी घसरतात त्या काळात असाल तर बाकी विचारपूस नंतर, आधी गाडीवाल्याला सांगून ठेवा.