कॅमेऱ्याच्या शंका : अंगठ्याला काम द्या

प्रश्न : रविवारी सकाळी भांडुप पंपिंग स्टेशनला पक्षी बघायला जातो. कॅमेरा कॅनन १५००डी, लेन्स ५५-२५०. पक्षी खारफुटीत बसलेला असला की फोकस पुढच्या काडीवर जातो, कसाबसा पक्ष्यावर आणला तरी पुढच्या फोटोला शटर अर्धं दाबलं की परत काडीवर. ग्रुपवाले म्हणतात बॅक बटण फोकस लाव, म्हणजे फोकस शटरऐवजी मागच्या बटणाने, अंगठ्याने करायचा. एवढ्या साध्या कॅमेऱ्यात ते होतं का? (मुलुंड)

उत्तर : होतं की. आणि ही काही मिररलेस (आत आरसा नसलेल्या नव्या) कॅमेऱ्यांबरोबर आलेली फॅशन नाही, कॅननने १९८९ सालच्या ईओएस ६३० या फिल्मवाल्या कॅमेऱ्यातच ही सोय दिली होती. तुमची खरी अडचण अशी आहे की एकच बोट दोन कामं करतंय, फोकसही तेच करतं आणि फोटोही तेच काढतं, त्यामुळे प्रत्येक फोटोला कॅमेरा नव्याने विचार करतो आणि समोर काडी दिसली की तिच्यावर जातो.

मेन्यूत कस्टम फंक्शन्समध्ये 'शटर/एई लॉक बटण' शोधा. तिथे ० ते ३ असे चार पर्याय आहेत. बरेच जण १ लावून मोकळे होतात, पण त्यात शटर अर्धं दाबलं की एक्सपोजर, म्हणजे फोटो किती उजळ यावा याचं गणित, लॉक होतं, म्हणजे बगळा झाडीच्या सावलीतून उन्हात उडाला तरी कॅमेरा सावलीचंच गणित धरून बसतो आणि बगळा पांढराफट्ट. तुम्ही ३ लावा. मग मागचं चांदणीचं बटण फक्त फोकस करेल आणि शटर फक्त मीटरिंग (उजेड मोजणं) आणि फोटो. पक्षी बसलाय, अंगठ्याने फोकस केलात, अंगठा उचललात, आता मध्ये कितीही काड्या येऊ देत फोकस हलणार नाही. मात्र पक्षी किंवा तुम्ही पुढेमागे सरकलात तर परत दाबावं लागेल, ते विसरू नका.

दोन गोष्टी अजून. एएफ (ऑटोफोकस) मोड एआय सर्वो ठेवा, कारण बटण दाबून धरलं की तो पाठलाग करतो आणि सोडलं की थांबतो, म्हणजे वन शॉटचं (एकदा फोकस करून थांबणाऱ्या मोडचं) कामही त्यातच झालं आणि ऐनवेळी मोड बदलायची भानगड नाही. आणि फोकसचे नऊ पॉइंट सगळे चालू ठेवू नका, फक्त मधला ठेवा. या कॅमेऱ्यात क्रॉस टाइप (आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारा) तो एकच आहे, आणि काड्यांच्या फटीतून नेम धरायचा तर एकच पॉइंट बरा.

प्रश्न : सोनी ए६४०० वर मॅन्युअल मोड (शटरचा वेग आणि अॅपर्चर म्हणजे लेन्सचं भोक मी ठरवते) आणि ऑटो आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता कॅमेरा ठरवतो) वापरते. शिवडीला फ्लेमिंगो उडाले की आकाशासमोर काळपट येतात, कंपेन्सेशन द्यायला (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायला) खालचं बटण दाबून चाक फिरवेपर्यंत थवा गेलेला असतो. (परळ)

उत्तर : मीटरला पक्षी बिक्षी काही कळत नाही, तो सगळं सरासरी करड्या रंगाकडे ओढतो. मागे पांढुरकं आकाश असलं की तो चित्र काळं करतो म्हणून अधिक द्यायचं, +१ पासून सुरुवात करा, आणि काळ्या चिखलावर पांढरा बगळा असेल तर उलट, उणे. हे माहीत असूनही हात पोचत नाही हीच तुमची तक्रार आहे, आणि ती रास्त आहे, कारण मॅन्युअलमध्ये तुमचं वरचं डायल आणि मागचं चाक दोन्ही शटर आणि अॅपर्चरने अडवून ठेवलेत. खरं सांगा, उडत्या पक्ष्यासाठी शटर तुम्ही किती वेळा बदलता? १/२००० सेकंदावर ठेवता आणि तिथेच राहतं ना. मग त्याच्यासाठी अख्खं डायल कशाला अडवायचं?

अॅपर्चर प्रायॉरिटीवर या, म्हणजे अॅपर्चर तुम्ही ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवेल. 'आयएसओ ऑटो मिन. एसएस' (कमीत कमी शटर स्पीड) मध्ये १/२००० टाका, म्हणजे उजेड कमी झाला की कॅमेरा शटर त्याच्या खाली न आणता आधी आयएसओ वाढवतो. आयएसओची वरची मर्यादा संपली तर मात्र शटर खाली येतं, तेव्हा ती मर्यादा फार कंजूषपणे ठेवू नका. मग 'डायल/व्हील ईव्ही कॉम्प' मधून मागचं चाक कंपेन्सेशनला द्या. बटण दाबायचं नाही, डोळा व्ह्यूफाइंडरला तसाच, अंगठा नुसता चाकावर. मिररलेस असल्यामुळे किती उजळलं ते तिथल्या तिथे दिसतं, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) चालू ठेवलात तर अजून बरं.

फोकसही मागे न्यायचा मोह होईल, एएफ/एमएफ बटणाला 'एएफ ऑन' देऊन आणि 'एएफ विथ शटर' बंद करून तो नेता येतो. पण माझं मत विचाराल तर आत्ता नको. अंगठा एकच आहे, त्याने बटण धरून ठेवलं तर चाक कोण फिरवणार? उडत्या थव्यासमोर तसाही फोकस सतत चालूच हवा असतो, तो शटरवरच असू दे.

प्रश्न : निकॉन डी७५०० वर मागच्या एई-एल/एएफ-एल बटणाला एएफ-ऑन दिलंय, म्हणजे फोकस त्याच बटणाने होतो, मला मस्त जमतं. पण साखरपुड्यात कॅमेरा मेहुण्याच्या हातात दिला आणि सगळे फोटो धुरकट आले. (डोंबिवली)

उत्तर : मेहुण्याला बोलू नका. ते बटण एएफ-ऑन झालं की शटर अर्धं दाबून फोकस होतच नाही, आणि हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मोड डायलवर यू१ आणि यू२ आहेत त्यांचा उपयोग करा. यू१ मध्ये सगळं साधं, शटरवर फोकस, ऑटो आयएसओ, घरच्यांसाठी. यू२ मध्ये तुमची सेटिंग. कॅमेरा देताना डायल यू१ वर फिरवून द्यायचा, बास. फक्त 'सेव्ह यूजर सेटिंग्ज' केल्याशिवाय केलेले बदल टिकत नाहीत, कॅमेरा बंद केला की गेले.

प्रश्न : कॅननवरून निकॉनवर आलो, डायल उलटी फिरल्यासारखी वाटतात. सवय करू की काही उपाय आहे? (विलेपार्ले)

उत्तर : उपाय आहे. कस्टम सेटिंगमध्ये कमांड डायलखाली 'रिव्हर्स रोटेशन' बघा, कंपेन्सेशन आणि शटर-अॅपर्चर वेगवेगळे उलटवता येतात. झूमची रिंगही कॅननच्या उलट फिरते, तिच्यासाठी मेन्यूत काही नाही, ती सवयच करावी लागेल.