बायबलमधल्या पहिल्या माणसाने, आदामाने, पाप केलं नसतं, तर माणूस मेलाच नसता का? आणि देवाने सगळं आधीच ठरवलं असेल, तर दोष आदामाचा कसा?

पाचव्या शतकातला ख्रिस्ती विचारवंत पेलागियस याचे अनुयायी म्हणत, आदाम तसाही मेलाच असता. ४१८ च्या कार्थेज परिषदेने (उत्तर आफ्रिकेतल्या बिशपांच्या सभेने) हे मत धुडकावलं. मरण हे पापाचंच फळ ठरलं. पेलागियसचा विरोधक असलेल्या बिशप ऑगस्टिनची मांडणी जास्त बारीक आहे: पापाआधी आदामाला न मरणं शक्य होतं, पण मरण अशक्य होणं ही उद्धार झालेल्यांची, पुढची अवस्था. म्हणजे अमरत्व हा त्याचा स्वभाव नव्हता, कृपेवर टिकलेली सवलत होती.

दोषाचं विचाराल, तर खरी पंचाईत तिथेच आहे. सोळाव्या शतकातला प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिन सरळ सांगतो की पतनही, म्हणजे आदामाचं पापात पडणंही, देवाच्या संकल्पातच होतं, तरी आदाम पडला तो स्वतःच्या दोषाने. (मला हे उत्तर कमी आणि प्रश्नाला घातलेलं कुलूप जास्त वाटतं.) त्याच्या कितीतरी आधी, ५२९ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या ऑरेंज शहरी भरलेल्या चर्चच्या परिषदेने मात्र देव कुणाला दुष्टपणासाठी नेमतो हे म्हणणंच निषिद्ध ठरवलं होतं.